वाफेच्या गाडीचा एक दिवस : टॅलिलिन रेल्वे आणि स्वयंसेवी श्रमाची परंपरा

१

जुन्या वस्तूंचे जतन आणि जुन्या कामांचे जतन ह्या दोन भिन्न गोष्टी होत. एखादा ताम्रपट, एखादे नाणे अथवा एखादी मूर्ती संग्रहालयात आणून सुरक्षित ठेवली म्हणजे तिचे जतन झाले असे सामान्यतः मानले जाते. पाहणाऱ्यास तिच्यापासून जे मिळावयाचे ते ती स्थिर राहूनही देऊ शकते. वाफेच्या इंजिनाची गोष्ट तशी नाही. दिव्यांच्या उजेडात रंगरंगोटी करून उभे केलेले इंजिन पाहून त्याची घडण कळेल. परंतु त्याच्या भट्टीत कोळसा केव्हा व कोठे टाकावा, चढावर पाणी किती राखावे, उतारावर विस्तव किती कमी करावा, हे ज्ञान त्या लोखंडात साठविलेले नसते. ते ज्ञान माणसांच्या हातांत, कानांत आणि सवयींत असते, आणि ती माणसे गेली की तेही जाते.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन ह्या लहानशा गावी ह्या दोन्ही प्रकारचे जतन शेजारी शेजारी पाहावयास मिळते. टाउइन व्हार्फ स्थानकात अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे; त्याचा आरंभ १९५०-६० ह्या दशकात झाला व २००५ मध्ये त्यास नवी वास्तू लाभली. त्याच इमारतीला लागून असलेल्या फलाटावरून टॅलिलिन रेल्वेची गाडी सुटते. ती चालविणारे बहुसंख्य लोक वेतन घेत नाहीत. स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालविलेली जगातील पहिली रेल्वे म्हणून तिची नोंद इतिहासात झाली आहे. तेथील स्वयंसेवकाच्या एका दिवसाचे काम लक्षपूर्वक पाहिले असता, वस्तूंच्या जतनापेक्षा कामाचे जतन किती अवघड आहे आणि त्यासाठी कोणती शिस्त लागते, ह्याचा उलगडा होतो. तो दिवस समजण्यासाठी प्रथम त्या रेल्वेचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

२

टॅलिलिन रेल्वेचा जन्म पाटीच्या दगडापोटी झाला. अबरगिनोल्विन गावाच्या वरच्या अंगास असलेल्या ब्रिन एग्लुइस खाणीतील दगड किनाऱ्यापर्यंत आणण्यासाठी १८६५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्यान्वये ही रेल्वे अस्तित्वात आली. तिच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट ३ इंच, म्हणजे नेरळ-माथेरान मार्गापेक्षा ३ इंच अधिक. आजची लांबी सुमारे सव्वासात मैल. 'टॅलिलिन' ह्या वेल्श शब्दाचा अर्थ 'सरोवराचा शेवट' असा होतो. परंतु ह्या नावाच्या सरोवरापर्यंत ही रेल्वे कधीच पोहोचली नाही. व्हाइटहेवन येथील फ्लेचर, जेनिंग्ज आणि कंपनी ह्यांनी बांधलेली दोन इंजिने मार्गास मिळाली : १८६४ चे 'टॅलिलिन' व १८६६ चे 'डॉलगॉख'. ही दोन्ही इंजिने आजही त्याच मार्गाच्या सेवेत आहेत.

१८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर ह्यांनी मार्गाची तपासणी केली तेव्हा एक विलक्षण दोष उघडकीस आला. मार्गावरील पुलांच्या कमानी इतक्या अरुंद बांधल्या होत्या की डबा आणि भिंत ह्यांमध्ये आवश्यक तेवढी जागाच राहत नव्हती. पूल पाडून पुन्हा बांधणे कंपनीस परवडणारे नव्हते. त्यावर तोड निघाली ती अशी : पुलांखालील रूळ एका बाजूस सरकवावयाचे, आणि डब्यांच्या दुसऱ्या बाजूची दारे कायमची बंद करावयाची. त्यामुळे ह्या गाडीत प्रवासी एकाच बाजूने चढतात व उतरतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका चुकीने लावलेला हा नियम आजचा गार्डही पाळतो. परंपरेच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात. मूळ कारण विस्मरणात गेले तरी आचार टिकतो. येथे मात्र कारणही लक्षात ठेवलेले आहे, कारण ते पूल अद्याप उभे आहेत.

१९११ मध्ये खाण व रेल्वे दोन्ही हेन्री हेडन जोन्स ह्यांनी विकत घेतली. हे गृहस्थ पुढे 'सर' झाले व १९१० ते १९४५ पर्यंत मेरिऑनेथ मतदारसंघाचे पार्लमेंटमधील प्रतिनिधी होते. आपण हयात असेपर्यंत रेल्वे चालू ठेवू असे त्यांनी लोकांस वचन दिले होते. १९४६ च्या डिसेंबरात खाणीत मोठी पडझड होऊन ती बंद पडली. रेल्वेचे मुख्य उत्पन्न बुडाले. तरी सर हेडन ह्यांनी आपले वचन पाळले व उन्हाळ्यातील प्रवाशांसाठी गाडी चालू ठेवली. पुढे १९४७ च्या वाहतूक कायद्यान्वये ब्रिटनमधील बहुतेक सर्व रेल्वेमार्ग १ जानेवारी १९४८ पासून राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्या यादीत टॅलिलिनचा समावेश नव्हता. राष्ट्रीयीकरण झाले असते तर असा तोट्यातील मार्ग बहुधा लवकरच बंद झाला असता. यादीतून वगळला गेला म्हणून तो वाचला, आणि त्याच कारणाने निराधारही झाला. २ जुलै १९५० रोजी सर हेडन वारले. त्या वेळी दोन इंजिनांपैकी 'डॉलगॉख' हे एकच चालण्याजोगे उरले होते, आणि रूळ इतके झिजले होते की ते गवताच्या मुळांनी धरून ठेवले आहेत असे लोक म्हणत.

११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममधील इंपीरियल हॉटेलात एक सभा भरली. सुमारे ७० माणसे जमली. पुढाकार घेणाऱ्यांत एल. टी. सी. रोल्ट हे प्रमुख होते. ते शिक्षणाने यंत्रशिल्पी, व्यवसायाने लेखक. इंग्लंडच्या कालव्यांवरील त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला होता व कालव्यांच्या रक्षणासाठी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ते एक संस्थापक होते. सभेतून टॅलिलिन रेल्वे जतन संस्था निघाली. सर हेडन ह्यांच्या वारसांच्या संमतीने रेल्वे कंपनीचे भाग एका नव्या कंपनीकडे सोपविण्यात आले व तिच्या संचालक मंडळावर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसले. १४ मे १९५१ रोजी संस्थेच्या व्यवस्थापनाखालील पहिली गाडी टाउइनहून निघाली. रेल्वे चालविणे हे धंदेवाईकांचे काम, हौशी लोकांचा तो खेळ नव्हे, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. रोल्ट ह्यांनी पहिली दोन वर्षे व्यवस्थापक म्हणून काम पाहिले आणि त्या अनुभवांवर १९५३ मध्ये एक पुस्तक लिहिले.

३

संस्थेपुढील पहिला गंभीर प्रसंग आर्थिक नव्हता. तो ज्ञानाचा होता. शेजारच्या कॉरिस रेल्वेचे रूळ नेमके २ फूट ३ इंच अंतराचेच होते. ती रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती व तिची दोन इंजिने मखन्लेथ स्थानकाच्या आवारात पडून होती. १९५१ मध्ये संस्थेने ती प्रत्येकी २५ पौंडांस विकत घेतली. एकास सर हेडन ह्यांचे व दुसऱ्यास जुने व्यवस्थापक एडवर्ड टॉमस ह्यांचे नाव देण्यात आले. कागदोपत्री सर्व जुळत होते. परंतु 'सर हेडन' मार्गावर चालविले की ते वारंवार रुळांवरून घसरू लागले.

शोध केल्यावर निष्पन्न झाले ते असे. टॅलिलिनचे रूळ विहित अंतरापेक्षा सुमारे अर्धा इंच अधिक अंतरावर टाकलेले होते, आणि तेही बुद्ध्याच. 'टॅलिलिन' इंजिनाच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर मोठे असल्याने वळणांवर त्यास ती सैल जागा लागत असे. त्या दोन्ही मूळ इंजिनांच्या चाकांचे पृष्ठ रुंद असल्याने त्यांना हे सैल रूळ बाधत नव्हते. कॉरिसच्या इंजिनाची चाके अरुंद होती. ती त्या अर्ध्या इंचात खाली उतरत.

हा प्रसंग लहान दिसला तरी त्याचे तात्पर्य मोठे आहे. कायद्यात एक माप होते, रुळांत दुसरे. त्या दोहोंमधील फरक जुन्या कामगारांच्या व्यवहारात मुरलेला होता व तो कोणी सांगितल्यावाचून नव्या लोकांस कळण्याचा मार्ग नव्हता. ते जुने कामगार वेल्शभाषी होते. नवे लोक बहुशः इंग्लंडच्या मध्यभागातून येणारे. कार्यपद्धतीचे हस्तांतर ह्या भाषिक सीमेवरून व्हावयाचे होते. भाषाशास्त्रात ज्याप्रमाणे लिखित व्याकरण आणि बोलणाऱ्याची भाषा ह्यांत अंतर असते, आणि शेवटचा बोलणारा गेल्यावर व्याकरण हाती राहिले तरी भाषा परत येत नाही, तद्वतच हे होय. टॅलिलिनचे भाग्य असे की शेवटचे जाणते कामावर असतानाच नवे शिकणारे तेथे पोहोचले. १८६५ नंतर ह्या मार्गावरील वाहतुकीत पूर्ण खंड असा पडलाच नाही.

४

आता स्वयंसेवकाचा दिवस. पहिल्या गाडीच्या सुमारे तीन ते चार तास आधी, पेन्द्रे येथील इंजिनघरात तो सुरू होतो. प्रथम विस्तव पेटवावयाचा अशी नवख्याची कल्पना असते. प्रत्यक्षात पहिले काम पाण्याची पातळी पाहण्याचे. बॉयलरला लावलेल्या काचेच्या नळीत पाणी दिसते, परंतु दिसते त्यावर विश्वास ठेवावयाचा नसतो. नळीच्या तोट्या उघडून-मिटून ती तुंबलेली नाही ह्याची खात्री करून घ्यावी लागते. भट्टीचे छप्पर पाण्याखाली नसेल तर तापून त्याचा पत्रा मऊ पडतो, आणि पुढील परिणाम स्फोटाचा असू शकतो. त्यासाठी भट्टीच्या छपरात शिशाने भरलेली खीळ बसविलेली असते. पाणी उतरले तर शिसे वितळून वाफ विस्तवावर पडते व धोक्याची सूचना मिळते. ही खीळ वितळणे ही कोणत्याही फायरमनच्या दृष्टीने मोठ्या नामुष्कीची गोष्ट समजली जाते.

पाण्यानंतर राख. आदल्या दिवसाची राख भट्टीतून, खालच्या तबकातून व धुराड्याच्या बुडाशी असलेल्या पेटीतून काढावयाची, नळ्या झाडावयाच्या. मग तेलकट चिंध्या, लाकडाच्या ढलप्या, आणि त्यांनी पेट घेतल्यावर थोडा थोडा कोळसा. येथे घाई निषिद्ध आहे. बॉयलरचे निरनिराळे भाग तापून वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. विस्तव एकदम भडकविला तर सांध्यांवर ताण पडतो व नळ्या गळू लागतात. आज वाचविलेल्या अर्ध्या तासाची किंमत पुढे महिनोन्‌महिने दुरुस्तीच्या रूपाने मोजावी लागते. वाफ धरेपर्यंत ड्रायव्हर तेलाची झारी घेऊन प्रत्येक सांध्याखाली वाकतो. तेल घालणे हे वस्तुतः तपासणीचेच निमित्त होय. सैल झालेला खिळा किंवा पडलेली चीर ह्याच वेळी दृष्टीस पडते. साफसफाई करणारा शिकाऊ चिंधीने इंजिन पुसतो, त्यालाही हेच लागू आहे. ह्या मार्गावर शिकण्याचा क्रम सफाईपासून फायरमनपर्यंत व तेथून ड्रायव्हरपर्यंत असा ठरलेला आहे. प्रत्येक पायरीवर वर्षे जातात व परीक्षा द्यावी लागते. बाहेरच्या जगात मनुष्य डॉक्टर असो, शिक्षक असो वा कारकून. इंजिनघरात त्याची पायरी तेवढी पाहिली जाते.

गाडी व्हार्फहून निघते तेव्हा इंजिनाचे तोंड दरीच्या वरच्या बाजूस असते. परतताना ते फिरविले जात नाही; उताराने मागच्या मागे धावते. वर जाताना चढ असल्याने फायरमनला विस्तव दाट ठेवावा लागतो, परंतु चढ संपतेवेळी तो ओसरता हवा. तसे न झाल्यास सुरक्षा झडप उघडून वाफ आकाशात जाते, म्हणजे कोळसा व पाणी दोन्ही वाया. ह्याचा अर्थ असा की फायरमन समोरच्या विस्तवाचा विचार करीत नसतो. दहा मिनिटांनंतरच्या मार्गाचा करीत असतो. डॉलगॉख येथील विटांचा तीन कमानींचा पूल, त्यानंतरचे पाणी घेण्याचे ठिकाण, मग झाडीतून अबरगिनोल्विन; ही सर्व स्थळे प्रवाशास निसर्गशोभा, तर फायरमनला कामाच्या खुणा. अबरगिनोल्विनपुढे नँट ग्वेर्नॉलपर्यंतचा मार्ग पूर्वी केवळ दगडवाहतुकीचा होता. तेथे प्रवासी गाडी १९७६ पासून जाऊ लागली, आणि ते कामही स्वयंसेवकांनीच केले.

मार्ग एकेरी असल्याने समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत ह्यासाठी प्रत्येक टप्प्याचे टोकन ड्रायव्हरच्या हाती असल्यावाचून गाडी पुढे नेता येत नाही. पेन्द्रे, ब्रिनग्लास इत्यादी ठिकाणी गाड्यांची अदलाबदल होते. तेथील सिग्नलवाला हाही बहुधा स्वयंसेवकच. मागे गार्ड. रेव्हरंड ऑड्री हे बालकथाकार १९५२ मध्ये येथे गार्डचे काम करीत असता एकदा उपाहाराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना स्थानकावरच सोडून त्यांनी गाडी हाकारली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात हा प्रसंग एका इंजिनाच्या गोष्टीच्या रूपाने आला आहे. ही गोष्ट आज हसून सांगितली जाते. परंतु तिच्यामागील नियम हसण्यावारी नेण्याजोगा नाही : शिट्टी देण्यापूर्वी फलाट पाहण्याची जबाबदारी गार्डची, मग तो वेतन घेवो अथवा न घेवो.

शेवटची गाडी परतली म्हणजे प्रवाशांचा दिवस संपतो, इंजिनाचा नाही. विस्तव काढून टाकणे, तबक रिकामे करणे, बॉयलर रात्रीसाठी पाण्याने भरून ठेवणे, दोष वहीत नोंदविणे, ही कामे दमलेल्या अवस्थेत करावयाची असतात आणि ती पाहण्यास कोणी प्रेक्षक नसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे येणाऱ्या अपरिचित सहकाऱ्याची सुरक्षितता त्या वहीतील एका ओळीवर अवलंबून राहू शकते.

५

'स्वयंसेवक' ह्या शब्दाचा विग्रह केला तर स्वतःच्या इच्छेने सेवा करणारा असा अर्थ निघतो. टॅलिलिनवरील दिवस पाहिला असता असे दिसते की ही इच्छा एकदाच वापरावयाची असते : कामाच्या पाळीत नाव लिहिताना. त्यानंतर तिला जागा नाही. पाऊस आहे म्हणून, आवड नाही म्हणून, घरी पाहुणे आहेत म्हणून सिग्नलची खोली रिकामी ठेवता येत नाही. 'हौशी' ह्या शब्दास मराठीत थोडी उणेपणाची छटा चिकटली आहे. हौस म्हणजे जमेल तेवढे, जमेल तेव्हा. १९५१ मधील टीकाकारांची शंकाही ह्याच स्वरूपाची होती. तिला उत्तर मिळाले ते युक्तिवादाने नव्हे. नियमपुस्तिकेने आणि परीक्षांनी मिळाले. वेतनाचा धाक नसताना शिस्त कोठून यावी? ती कामाच्या स्वरूपातूनच आली. बॉयलरला पाणी लागते ते हौशी माणसाकडूनही तेवढेच लागते. तथापि हेही नमूद केले पाहिजे की केवळ स्वयंसेवकांवर ही रेल्वे कधीच चालली नाही; थोडा वेतनी नोकरवर्ग प्रारंभापासून होता व आहे. आठवड्याअखेर येणाऱ्यांचे काम वर्षभर राहणाऱ्यांच्या आधारावर उभे आहे.

ह्या उदाहरणाचा प्रसार लवकर झाला. १९५५ मध्ये फेस्टिनिओग रेल्वे पुन्हा चालू झाली. १९६० च्या जूनमध्ये लीड्सची मिडलटन व ऑगस्टमध्ये ससेक्समधील ब्लूबेल ह्या रुंद रुळांच्या मार्गांवर स्वयंसेवकांनी गाड्या चालविल्या. ब्रिटिश रेल्वेने १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफेची नित्य वाहतूक बंद केली तेव्हा ते कौशल्य सांभाळणाऱ्या जागा आधीच तयार होत्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर व फायरमन तेथे येऊन शिकवू लागले. भारतात हीच गोष्ट निराळ्या वाटेने झाली. दार्जिलिंग व निलगिरी येथील वाफेची इंजिने रेल्वेच्या वेतनी नोकरांनी चालविली, आणि तेथे कौशल्याचे हस्तांतर एका खात्यातील वडीलधाऱ्यांकडून त्याच खात्यातील उमेदवारांकडे झाले. दोन्ही वाटांमध्ये अट एकच : जुना जाणता आणि नवा शिकणारा हे एका इंजिनावर एकाच काळी उभे असले पाहिजेत.

६

राहता राहिला मुख्य प्रश्न : टॅलिलिनवर नेमके काय जतन झाले आहे? धातूचे म्हणाल तर ते बदलत आले. नळ्या, चाकांच्या धावा, भट्टीचे पत्रे झिजतात व नवे घालावे लागतात. इतकेच नव्हे, तर १९९१ मध्ये सेवेत आलेले 'टॉम रोल्ट' हे इंजिन आयर्लंडमधील पीट वाहणाऱ्या एका १९४९ च्या इंजिनाचे भाग घेऊन येथील कारखान्यात घडविले गेले. अर्धा इंच सैल असलेले जुने रूळही आता राहिले नाहीत. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या प्रदेशास जागतिक वारशाचे स्थान दिले. त्यात ब्रिन एग्लुइस खाण, अबरगिनोल्विन गाव आणि ही रेल्वे ह्यांचा अंतर्भाव आहे. हा मान भूप्रदेशाचा व वास्तूंचा आहे. पहाटे नळीतील पाणी तपासणाऱ्या हाताची नोंद अशा यादीत सहजी होत नाही.

आणि त्या हातापुढील अडचणी वाढत आहेत. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिलजवळची मोठी उघडी कोळसाखाण २०२३ मध्ये बंद झाली. वेल्सच्या कोळशावर वाढलेल्या इंजिनांना आता परदेशी कोळसा किंवा कोळशाच्या भुकटीपासून बनविलेल्या वड्या जाळाव्या लागतात. इंधन बदलले की विस्तवाचा स्वभाव बदलतो, त्याचा थर, त्याची हवा, त्याची राख सर्व निराळे. अर्थात फायरमनने पन्नास वर्षांत शिकलेले पुन्हा शिकावे लागते. दुसरी अडचण वयाची. ज्यांनी वाफेची इंजिने नोकरी म्हणून चालविली ती पिढी जवळजवळ संपली आहे. आजचा शिक्षक हा स्वतः स्वयंसेवकांकडूनच शिकलेला असतो. परंपरा आता पूर्णपणे स्वतःच्या पायांवर उभी आहे आणि तिच्या मागे मूळ आधार नाही.

परंतु ह्यातच तिचे यशही आहे. ब्रिन एग्लुइसचा दगड वाहणाऱ्या कामगारांनी जे काम पोटासाठी केले, ते पोटाचा संबंध तुटल्यावर सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू राहिले. त्या कामाचा आर्थिक हेतू १९४६ मध्येच नष्ट झाला होता. जे उरले ते काम करण्याची रीत. अशी रीत एका पिढीच्या आयुष्याइतकीच टिकाऊ असते व दर पिढीस ती नव्याने मिळवावी लागते. म्हणून टाउइनच्या संग्रहालयातील इंजिनांची गणना करून जतनाचे मोजमाप पूर्ण होणार नाही. पेन्द्रेच्या इंजिनघरात ह्या वर्षी हाती चिंधी घेऊन किती नवे शिकाऊ उभे राहिले, ही संख्या त्यासाठी अधिक विश्वसनीय ठरेल.